फाट्यावर उतरणारी आत्या

कमलआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात पत्रकांचा गठ्ठा बांधत होते. तिचा मुलगा सुनीलदादा एवढंच म्हणाला, "आई झोपेतच गेली गं. घरातच..." घरातच म्हणताना त्याच्या आवाजात सुटका ऐकू आली. ती बाहेर कुठंतरी, एकटी, सायकलवरून हरवून जाईल, ही भीती तो दोन वर्षं जवळ बाळगून होता. आणि त्या भीतीशी मी तितकीच वर्षं भांडत होते.

आत्या विडी वळणाऱ्या बायकांच्या संघटनेचं काम करायची. सोलापूरच्या आसपासच्या गावांत सायकलनं जायची, हँडलला पत्रकांची पिशवी अडकवून. तिची एक रीत होती. रस्ता पाठ असला तरी दर फाट्यावर उतरून विचारायची, "बाई, मार्डीला कुठनं जायचं?" समोरची हात करून सांगायची, मग विचारायची, कुणाकडं, कशाला... की बोलणं सुरू. "पत्रक नुसतं वाटलं की लोक त्यात भजी बांधत्यात," आत्या म्हणायची, "रस्ता सांगणारं माणूस दोन शब्द ऐकून घेतंय." तिच्या कॅरिअरवर बसून मी हे शिकले. सभेत माइक धरायला नंतर शिकले.

याच रीतीनं आम्हाला फसवलं. ती खरोखरच रस्ते विसरायला लागली आणि कुणाला कळलं नाही, कारण तिचं विचारणं नेहमीचंच होतं. एका दुपारी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी सायकल धरून ती मला म्हणाली, "बये, घर कुठल्या अंगाला?" मी हसले. ती हसली नाही.

दादानं सायकलला साखळी घातली. "उद्या हरवली तर तू शोधणार का, क्रांतिकारक?" मी म्हणाले, हरवेल म्हणून माणूस कोंडायचं असेल तर त्याला काळजी म्हणू नकोस, सरळ तुरुंग म्हण. आत्या आमच्या मधे बसून शेंगा फोडत होती. म्हणाली, "सभा माझ्यावर चाललीया, अन् मलाच बोलू देईनात की."

शेवटी मी एका मैत्रिणीचं सायकलवरचं जुनं जीपीएस यंत्र आणलं. फोनवर मार्ग आखायचा, त्यात भरायचा. वळण जवळ आलं की ते वाजतं, बाण दाखवतं. पिशवीतल्या फोनमुळं ती कुठं आहे ते दादाला घरी दिसायचं. त्यावर साखळी निघाली. पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. आत्या बायकांशी बोलायला एका वस्तीत वळली, तर यंत्रानं आपल्या मनानं नवा मार्ग काढला आणि तिला उसातल्या पाणंदीत नेऊन सोडलं. मग मी नवा मार्ग काढण्याची सोयच बंद केली. आता ती आडबाजूला गेली की यंत्र एकदा सांगायचं, आणि ठरलेली रेघ तशीच दाखवत राहायचं. आत्याला हे फार पटलं. "मागं लागत न्हाय. माझं बोलणं होईस्तोवर थांबतंय," असं दादाकडं बघून म्हणाली.

ती शेवटपर्यंत एकटी गेली, एकटी परत आली. हा आपण जिंकलेला लढा आहे, असं मी मनात धरून होते...

मागच्या आठवड्यात ते यंत्र माझ्या सायकलला लावून पत्रकं घेऊन निघाले. मार्डीच्या फाट्यावरच्या चहावाल्या मावशींनी यंत्र ओळखलं. "कमलबाई न्हाईत आल्या?" मी सांगितलं. त्यांनी स्टोव्ह बारीक केला. म्हणाल्या, "आमाला कळलं हुतं त्यांचं. आदी रस्ता इचारून माझ्या तोंडाकडं बघायच्या. मागनं मागनं हाताकडं बघाया लागल्या. मग मी जायची संगं, वळणापतोर."

"यंत्र होतं की त्यांच्याकडं," मी म्हणाले.

"व्हय, ते वाजायचं. त्या इचारायच्या, मी जायची."

माझं यंत्र वाजलं. पडद्यावर उजवीकडचा बाण आला. मावशींनी हात पुसले, पदर खोचला आणि काही न विचारता उजवीकडं चालायला लागल्या. मी सायकलवरून उतरले, आणि सायकल हातात धरून त्यांच्या मागून चालत राहिले.