आमदाराच्या मांडवातला चौक

आमदार कृष्णकांतवर बामाबाईचा राग होता आणि तो तिने कधी लपवला नाही. तो रस्त्यात दिसला की ती सरळ पाठ फिरवायची. पनवेलच्या खाडीकाठच्या त्या आगरी गावात एवढी टाप दुसऱ्या कोणाची नव्हती.

ती गावची धवळारीण. लग्नात धवळे गाणारी, हळदीच्या आधी तांदळाचा चौक भरणारी. कृष्णकांतला हळद लागली तेव्हा चौक तिनेच भरला होता. त्या वेळी त्याला गावाबाहेर कोणी ओळखत नव्हतं. पुढे बामाबाईचा नवरा गेला, तेव्हापासून खाडीलगतचं भातशेत ती एकटीच कसत आली.

बाकीच्या गावाने शेतं सौर कंपनीला भाड्याने दिली होती. ते आमदारानेच जमवून आणलं. विधानसभेत काय किंवा गावच्या सभेत काय, त्याचं भाषण एकच असायचं. "भातात राहिलंय काय? मजूर मिळत नाय, बांध फुटला की खारं पाणी आत. ऊन पिकवा! वीज देशाला, भाडं तुमाला." बोलण्याआधी त्याने स्वतःचं सगळं शेत कंपनीला देऊन टाकलं होतं, त्यामुळे लोकांना ते पटलंही. बामाबाईचं शेत मात्र मधोमध आडवं आलं. त्यातून तारांचे खांब गेल्याशिवाय वीज बाहेर जाईना, वीज गेल्याशिवाय गावाचं भाडं सुरू होईना, आणि ती सही करीना. तिचा मुलगा केतन द्रोणागिरीच्या गोदामात कामाला होता. "आये, टाक ना सही," म्हणून तोही मागे लागला होता.

अशात आमदाराच्या मुलाचं, राजसचं, लग्न निघालं. मांडव मैदानाएवढा. हळदीच्या दिवशी सकाळी आमदाराची बायको नीता चौकाची तयारी करायला गेली आणि तिच्या लक्षात आलं की घरात तांदूळ फक्त दुकानातला आहे. चौकाला गावच्या मातीतलाच तांदूळ लागतो, हा रिवाज. गावच्या मातीत आता सगळीकडे पॅनेल. ती धावत बामाबाईकडे आली.

"काकी, शेरभर तांदूळ आणा येताना. लाज राखा."

बामाबाई संध्याकाळी पदराला तांदूळ बांधून आली आणि चौकाच्या जागी बसली. गाठ मात्र सोडेना.

"काकी, करा ना सुरू. पाव्हणे खोळंबलेत," नीता म्हणाली.

"किसनाला बोलव."

आमदार हातातला माईक तसाच घेऊन आला. "काय काकी, रुसलीस काय?"

"भातात काय नाय म्हणतोस ना? मंग तुझ्या पोराला भात कशाला लागतो? मांड की तुझी ती काळी काच चौकात!"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आमदाराने आवाज खाली घेतला. "शुभकार्य हाय काकी. उद्या घरी येतो, बोलू."

"उद्या नाय. जन्मभर माईकवर बोलत आलास, आता पण बोल. काकीच्या शेतात खांब येणार नाय, एवढंच. लगेच गाठ सोडते."

त्याने मागे पाहिलं. सोफ्यावर कंपनीचे साहेब सरबत पीत बसले होते. तो वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"एका म्हातारीपायी अख्ख्या गावाचं भाडं अडकवू? आनि तू गेल्यावर ते शेत कसणार कोण? विचार तुझ्या पोराला, तो बघ उभा हाय."

बामाबाईने केतनकडे पाहिलं. केतनने मान खाली घातली. ती पुन्हा आमदाराकडे वळली.

"मी मेल्यावर ठोक खांब. जित्या बाईच्या छाताडावर कशाला नाचतोस?"

"बासमती आणा रे मॉलमधून," आमदार मागे वळून ओरडला.

बामाबाई तांदळाची गाठ तशीच घेऊन उठली. हसणाऱ्या बायकांपैकी एकही तिच्याबरोबर बाहेर आली नाही. कोणीतरी मोबाईलमधले धवळे स्पीकरला लावले. बासमतीचा चौक भरला गेला, हळद लागली, गाव पोटभर जेवलं. तिच्यावाचून काही अडलं नाही, हे तिला आमदाराच्या बोलण्याहून जास्त झोंबलं.

लग्नाचा मांडव उतरतो न उतरतो तोच आमदाराने वरून आदेश आणला. तारा न्यायला मालकाची सही लागणार नव्हती. पोलिसांची गाडी बांधावर उभी राहिली आणि मोजणीची माणसं शेतात उतरून खुंट्या ठोकू लागली. बामाबाईने कासोटा घट्ट केला आणि त्यांच्या मागून एकेक खुंटी उपटायला लागली.

"आये, घरी चल. पोलीस नेतील तुला," केतन धापा टाकत आला.

तिने उपटलेल्या खुंट्या त्याच्या हातात कोंबल्या.

"धर," ती म्हणाली आणि पुढच्या खुंटीकडे वळली.