माडांच्या रांगांचा नकाशा

तीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला मी. नाईल, मिसिसिपी, आल्प्स, सगळं पोरांकडून घोकून घेतलं. कोणी खिडकीबाहेर बघितलं की खडू मारायचो. खिडकीबाहेर समुद्र होता. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आमचं गाव तारकर्लीच्या दक्षिणेला, वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर. पुढे समुद्र, मागे खाडी, मध्ये माड आणि माणसं. मी निवृत्त झालो त्याच वर्षी मुंबईहून पर्यटकांची एक गाडी फोनमधला नकाशा बघत बघत आमच्या परड्याशेजारच्या पाणंदीतून सरळ पुळणीत उतरली आणि वाळूत रुतली. फोनमध्ये तिथे रस्ता दिसत होता. तो रस्ता समुद्राने केव्हाच खाल्लेला. शेवटी रापणीची जाळी ओढणारी माणसं आली, त्यांनी रापणीचेच दोर बांधून गाडी बाहेर काढली, आणि रापण ओढणाऱ्याला माशांचा वाटा मिळतो तसा आता गाडीतला वाटा द्या म्हणून त्या लोकांची यथेच्छ चेष्टा केली. गाडीवाल्याने विचारलं, रस्ता कधी गेला? वीसएक माणसं होती. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, वादळात.

माझं डोकंच सटकलं. मोठं वादळ आलं होतं हे खरं, पण त्यानंतर बरीच वर्षं त्या रस्त्यावरून मी स्वतः सायकलने शाळेत गेलो होतो. समुद्र एका रात्रीत आला नव्हता. दर पावसाळ्यात थोडा थोडा येत होता, दिवाळीनंतर थोडी वाळू परत टाकून जात होता, आणि घेतलं त्याहून कमीच टाकत होता. पण गावात कुठल्याही गोष्टीचं खापर वादळावर फोडलं की विषय संपतो. वादळ येऊन गेलं, आता काय भीती नाही.

खरं सांगायचं तर घरात मीही हेच बोलत होतो. माझा मुलगा बारा वर्षं मुंबईत नोकरी करून नुकताच परत आला होता. त्याला घरासमोर, समुद्राच्या बाजूला, पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या. दिवाळीनंतर पाया खणायचा बेत. आमच्या घरापुढे पूर्वी माडांच्या सहा रांगा होत्या, आता तीन उरल्या होत्या. त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, तीन रांगा वादळात गेल्या. हे म्हणताना माझी जीभ जराही अडखळली नाही. बायको गेल्यापासून त्या घरात मी एकटा होतो. खोल्या झाल्या नाहीत तर पोरगा इथे कशाला राहील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पण गावाचं अज्ञान दूर करायची खुमखुमी काही जाईना. मास्तर तो मास्तरच. रापणीची जाळी ठेवायच्या मांगराची एक भिंत मी मागून घेतली. चुना मारला, होडीला लावून उरलेला निळा ऑइलपेंट आणला आणि गावाचा नकाशा काढायला बसलो. पहिल्या दिवशी प्रमाण म्हणून एक सेंटिमीटरला इतके मीटर असं लिहिलं. लोक यायचे, बघायचे, पान थुंकून निघून जायचे. आठवडाभर हा प्रकार. मग एका म्हाताऱ्याने मला वेड्यात काढलं. म्हणाला, मीटर कोणी बघितलाय? रांगेत सांग. आमच्याकडे माड पंचवीस-पंचवीस फुटांवर लावतात, त्यामुळे परड्याची लांबी सगळे रांगांतच बोलतात. मी मुकाट्याने सेंटिमीटर पुसला आणि एक बोट म्हणजे एक रांग असं लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून भिंतीसमोर ही गर्दी! आपल्या किती, शेजाऱ्याच्या किती, खाडीच्या बाजूला किती. पेन्शनीत गेल्यावर मला पहिल्यांदाच खरे विद्यार्थी मिळाले होते.

मी प्रत्येक घराला दोन गोष्टी विचारायचो. उरलेल्या रांगा किती, आणि गेलेल्या रांगा कधी गेल्या? उरलेल्या रांगा मी निळ्या रेघेच्या अलीकडे काढायचो, गेलेल्या पलीकडे, पाण्यात, आणि त्यांच्यापुढे साल लिहायचो. पण साल कोणी सांगेना. वादळात, वादळात, वादळात. मी वैतागायचो, हुज्जत घालायचो, पण शेवटी लिहायचो तेच. आमच्या घरासमोरही मी तीन रांगा पाण्यात काढल्या आणि बारीक अक्षरात लिहिलं, वादळात. मुलगा मागेच उभा होता.

सगळ्या किनाऱ्यावर एकच घर वेगळं निघालं. आमची शेजारीण, माझ्याच वयाची ख्रिस्ती बाई, लेकी मडगावला दिलेल्या, इथे एकटीच राहते. तिच्या परड्याच्या तोंडाशी चुन्याचा खुरीस, म्हणजे क्रूस, आहे. वाळू सरकली म्हणून तो दोनदा उचलून मागे आणावा लागला होता, आणि दोन्ही वेळा पाद्री येऊन प्रार्थना झाली होती, त्यामुळे दोन्ही सालं तिला तोंडपाठ. दोन्ही वादळानंतरची. तिच्या रांगांपुढे दोन स्पष्ट सालं आणि बाकी सगळ्या गावापुढे वादळ. लोक हसले. म्हणाले, समुद्र काय एकट्या बाईवरच रुसलो?

ती भिंतीजवळ आली. चष्मा वर सरकवून आमच्या परड्याची जागा निरखत राहिली. पूर्वीच्या सहा रांगांत समुद्राकडून दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेच्या मध्ये आमची विहीर होती, आम्ही बाव म्हणतो. जांभ्या दगडाने बांधलेली, गोड्या पाण्याची. आता ती पुळणीत आहे, मोठ्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तिचं कडं दिसतं. नकाशात ती मी काढलीच नव्हती.

"मास्तर, तुमची बाव खंय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, ती काय, रांगांबरोबर गेली. वादळात.

"वादळात माझ्या बावीत खारा पाणी शिरला. मगे दोन वर्सां मी तुमच्या बावीचा पाणी न्हेय. तुमची बायल माका हंडो उचलूक हात लावी."

सगळं खरं होतं. माझी बायको तिला हंडा उचलून द्यायची आणि दोघी तासभर तिथेच बोलत उभ्या राहायच्या. मुलगा तेव्हा मुंबईत होता, सुट्टीत आम्हीच त्याच्याकडे जायचो, त्याला कुठून ठाऊक असणार? आता तो माझ्या मागे उभा राहून सगळं ऐकत होता. माझ्या हातात ब्रश होता आणि त्यातून निळा रंग पायावर गळत होता.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाण्याला चांगली सुकती लागली. मुलगा म्हणाला, चला. आम्ही दोघे पुळणीत उतरलो. बावीचं कडं वाळूतून वीतभर वर आलं होतं, आत लाटेचं पाणी. तो तिथून उरलेल्या पहिल्या रांगेपर्यंत पावलं मोजत गेला, तिथून घरापर्यंत मोजली आणि परत माझ्यापाशी आला.

"तुमका ठावक होता?"

"होय."

"मगे सांगलास नाय कित्याक?"

"तू परत मुंबयक जातलंस म्हणान."

तो बावीच्या कड्यावर वाकला. मला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"ह्या सगळा तुम्ही माका नववीत शिकयलास, बाबा," तो म्हणाला. "पण त्यात आपली बाव नाय होती."

खरंच नव्हती. तो पहिल्या बाकावर बसायचा आणि लाटांनी कापून तयार झालेल्या तरंगघर्षित मंचाची व्याख्या एका दमात म्हणायचा. मी शाबासकी दिली होती.

दुसऱ्या दिवशी मी मांगराकडे गेलो तर तो माझ्या आधीच तिथे होता. आमच्या रांगांपुढचं वादळ त्याने खरवडून काढलं होतं आणि निळ्यात, पाण्यात, एक गोल काढला होता. मला म्हणाला, साल सांगा. मी सांगितलं. मग एकेका रांगेचं साल सांगितलं. हे ऐकून हळूहळू बाकीचेही यायला लागले, थोडं डोकं खाजवून, थोडी भांडणं करून आपापली सालं सांगायला लागले. कोणाला लग्नावरून आठवलं, कोणाला म्हशीवरून. भिंतीवर आता वादळ एकाच ठिकाणी उरलं आहे, जिथली रांग त्याने खरोखर नेली होती.

खोल्या झाल्या नाहीत. मुलगा गेला नाही. रोज सकाळी वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात जातो, संध्याकाळी परत येतो. माझ्याशी आधीसारखं बोलायला त्याला वर्ष लागलं. शेजारीणबाईकडे मात्र तो दुसऱ्याच दिवशी गेला होता, तिला पाण्याबद्दल, आईबद्दल विचारायला.

दरवर्षी दसरा झाला की तो ब्रश घेतो आणि त्या वर्षीची किनाऱ्याची रेघ ओढतो. मी डबा धरतो. माणसं जमतात, चहा होतो, कोणाच्या किती रांगा गेल्या यावर गजाली चालतात. यंदा त्याने आमच्या उरलेल्या तिनांतल्या समुद्राकडच्या रांगेवरून रेघ नेली आणि खाली साल लिहायच्या आधी राहिलेलं अंतर बोटांनी मोजलं. निळा रंग आणि आमच्या घराचा चौकोन यांच्यामध्ये आता दोन बोटं मावतात.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बरोबर आहे, तसंच लिही.