तिसरं पेर

समोरचा माणूस बोलायचा थांबला की ताईंचा अंगठा करंगळीच्या मुळाशी जायचा. पहिलं पेर, दुसरं पेर, तिसरं पेर. मग त्या तोंड उघडायच्या. इकडे परदेशात, टूनगॅबी उपनगरातल्या आमच्या मराठी बायकांची समजूत होती की ताईंचं सतत नामस्मरण चालू असतं. एकीने तर कुठल्या महाराजांचा जप, असं विचारलंही. ताई म्हणाल्या, "जप नाही गं, वाट बघते."

माणसाचं बोलणं संपायची वाट. ताईंच्या मते माणूस थांबतो तेव्हा त्याचं बोलणं संपलेलं नसतं. पहिल्या पेराला तो तुमचं तोंड बघतो. दुसऱ्या पेराला बोलू की नको, असं करतो. "आणि तिसऱ्या पेराला खरं येतं बघ," त्या म्हणायच्या. "पण तोवर आपण सुरू झालेलो असतो."

तुमच्या पाहण्यात असं माणूस आलं असेल तर तुम्हाला माहीत असेल, त्यांच्यापुढे जरा अवघडल्यासारखं होतं. ते गप्प बसतात आणि त्यांनी मागितलं नसेल तेही आपण देऊन बसतो. मी मात्र ताईंना द्यायचं ते चार वर्षं दिलं नाही. आज त्याबद्दलच लिहायचं आहे, पण आधी ताई.

त्या आमच्यापासून दोन घरं सोडून राहायच्या. मूळच्या जळगावकडच्या. इथे आल्यावर दहाअकरा वर्षं सुपरमार्केटच्या काउंटरवर उभ्या राहिल्या, मग परीक्षा देऊन इंटरप्रिटर झाल्या. हॉस्पिटलं, कोर्टं, सरकारी कचेऱ्या. ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्या आणि साहेबाच्या मध्ये बसायचं आणि इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करायचं. बरंचसं काम फोनवर. त्यासाठी त्या गॅरेजमध्ये गवत कापायच्या मशीनशेजारी खुर्ची टाकून बसायच्या. ताईंच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, घराच्या आतल्या दारावर कागद चिकटवला होता : 'बोलणं चालू आहे. कुकर लावू नये.'

त्यांच्या कामाची एक रीत होती. पेशंट काय म्हणतो, याचा सारांश त्या सांगत नसत. तो जे बोलला तेच, त्याच्याच तोंडचं असल्यासारखं बोलायच्या. एकदा एक आजोबा तपासणीच्या टेबलावरून म्हणाले होते, या डॉक्टरला काडीची अक्कल नाही. ताईंनी तेही जसंच्या तसं इंग्रजीत डॉक्टरला ऐकवलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, हसला तो. आणि पहिल्यापासून परत तपासलं."

हे आजोबा कोण, कुठले, कधीचे, हे मात्र कोणाला कळलं नाही. बायका खोदून विचारायच्या. ताईंचं उत्तर ठरलेलं : "कानात आलं, तोंडातून गेलं. पोटात काही नाही."

आमच्या गणपतीच्या मीटिंगमध्ये एका वर्षी जेवण केटररचं की घरोघरचं, यावरून दोन तट पडले. दोघेही पाऊण तास बोलत होते, म्हणजे एकाच वेळी. कोणीतरी ताईंना मध्ये बसवलं. त्यांनी एकच अट घातली. आपलं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं सांगून दाखवायचं. केटररवाले गृहस्थ तापले. म्हणाले, ते काय म्हणतात हे मला कसं माहीत असणार?

"पाऊण तास समोरच बसला होतात की," ताई म्हणाल्या.

दहा मिनिटांत मीटिंग संपली. वरण-भात केटररचा, मोदक घरचे.

पॅरामॅटाला जाताना सकाळी आम्ही बऱ्याचदा एकाच ट्रेनला असायचो. मी तिथे एका आयटी कंपनीत टीम लीड. एकदा ऑफिसने आम्हा लीड लोकांना दोन दिवसांच्या वर्कशॉपला बसवलं होतं, विषय : ऐकण्याचं कौशल्य. समोरच्याच्या डोळ्यांत बघावं, मान हलवावी, त्याचंच वाक्य त्याला परत म्हणून दाखवावं. मला सर्टिफिकेट मिळालं. ते मी ताईंना फोनवर दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"मान हलवायचंपण शिकवलं?"

"हो. त्याने समोरचा मोकळा होतो."

"म्हणजे नंदीबैलाचा कोर्स." मग मला वाईट वाटलं असेल असं वाटून त्या म्हणाल्या, "चांगलं आहे रे. कर. पण मान थांबली की काय करायचं ते कोण शिकवणार?"

तेव्हा मी हसलो होतो.

आता आईचं सांगतो.

वडील गेले तेव्हा मी तासगावला दोन दिवस उशिरा पोचलो होतो. त्यानंतर आईला इथे कायमचं आणलं. ती आणि ताई यांचं लगेच जमलं. दुपारी ताईंना काम नसलं की दोघी आमच्या मागच्या अंगणात बसायच्या. आई बोलायची, ताई पेरं मोजायच्या. आई मला म्हणाली होती, "या बाईशी बोललं की पोट भरतं."

तिसऱ्या वर्षी जानेवारीत आईच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, पसरलेला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी बोलावलं, पुढे काय करायचं ते ठरवायला. हॉस्पिटलने इंटरप्रिटर ठरवला होता आणि मराठीला माणसं कमी, त्यामुळे आल्या त्या ताईच. ओळखीच्या माणसाचं काम असलं तर आधी तसं सांगावं लागतं, ते त्यांनी सांगितलं होतं. आईला विचारून घेतलं होतं. आई खूश होती.

मीच नको म्हणालो. घरातली गोष्ट, ती शेजारणीसमोर कशाला, हे एक. आणि दुसरं म्हणजे आईच्या वतीने बोलायची मला सवय झाली होती. बँकेत, दुकानात, शेजाऱ्यांशी सगळीकडे मीच बोलायचो. कॉरिडॉरमध्ये मी ताईंना बाजूला घेतलं आणि सांगितलं, आम्ही बघू, तुम्ही थांबायची गरज नाही.

ताई म्हणाल्या, "तू मुलगा म्हणून आत बस. बोलायचं काम माझ्याकडे दे."

"आईची भाषा मला येते, ताई."

"येते रे. म्हणूनच म्हणते."

मी आईकडे वळून विचारलं, मी आहे ना, मग बाहेरचं माणूस कशाला? आई "बरं" म्हणाली. इंटरप्रिटर नक्की नको ना, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. ताई बाहेर खुर्चीवर बसून राहिल्या.

आत डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. बरं होणार नाही. केमो दिली तर काही महिने जास्त मिळतील, कदाचित. त्रास होईल. न देता दुखणं ताब्यात ठेवून राहता येईल, तो वेळ कमी असेल पण बरा जाईल. प्रवास करायचा असेल तर आत्ताच. मग त्या आईकडे वळल्या आणि तुम्हाला काय हवंय, असं विचारलं. मी ते आईला सांगितलं. इथवर मी काही गाळलं नाही.

आई म्हणाली, "तू म्हणशील तसं."

मी लगेच ते इंग्रजीत सांगितलं. उपचार घेऊ, असंही जोडलं. डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या. आणि मग आई बोलली. जमिनीकडे बघून, सावकाश, चारपाच वाक्यं.

डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवून विचारलं, काय म्हणाल्या त्या?

मी म्हणालो, औषधांचा त्रास किती होईल असं विचारते आहे.

आई ते म्हणाली नव्हती. काय म्हणाली ते पुढे येईल. डॉक्टरीणबाईंनी त्रासाबद्दल सांगितलं. मळमळ, थकवा, केस गळणं, तोंड येणं. ते सगळं मी आईला अगदी तंतोतंत मराठीत सांगितलं. आईने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ती हात मांडीवर ठेवून ऐकत होती. शेवटी तिने मला विचारलं, "म्हणजे नको म्हणतात का त्या?"

मी म्हणालो, "उपचार इथेच घ्यायला हवेत, आई."

"बरं."

मी असं का केलं? माझ्यापाशी दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. वडील माझ्याशिवाय गेले, आईला मी सोडणार नव्हतो, हे पहिलं. ते मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलं आहे. दुसरं हे की तिला घेऊन जायचं तर मला दोन-तीन महिने रजा काढावी लागली असती, आणि एप्रिलमध्ये माझ्या प्रोजेक्टची शेवटची तारीख होती. त्या खोलीत आई बोलत असताना माझ्या डोक्यात एप्रिल आला होता. तो आला होता हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

चारच दिवसांनी स्टेशनवर ताई भेटल्या. आदल्या दुपारी त्या आईकडे बसल्या होत्या.

"काकू म्हणाल्या, मी गावी जायचं विचारलं पण डॉक्टर नको म्हणाल्या," ताई म्हणाल्या. "तसं म्हणाल्या का त्या?"

त्यांचा अंगठा करंगळीशी गेला. मी बघत होतो. पहिलं पेर. दुसरं. तिसरं. तेव्हा बोललो असतो तर सगळं बदलता आलं असतं. केमो सुरू व्हायला आठवडा होता. मार्च यायचा होता.

"तिला नीट समजलं नसेल," मी म्हणालो.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. काउंटरवर कोणी सामान विसरून निघालं तर पाहतात तसं. "पुढच्या वेळी मला आत बसू दे," एवढंच म्हणाल्या. ट्रेन आली. डब्यात आम्ही समोरासमोर बसलो होतो आणि मी पॅरामॅटापर्यंत फोन बघत राहिलो.

पुढच्या वेळच्या फॉर्मवर इंटरप्रिटर हवा का, असा प्रश्न होता. मी 'नाही'च्या चौकोनात खूण केली.

आईला चार वेळा केमो दिली. तिला स्वयंपाकघरातला वास सहन होईना, म्हणून ती कपड्यांच्या दोरीखाली उन्हात खुर्ची टाकून बसायची. ताई येत राहिल्या. दोघींचं काय बोलणं व्हायचं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि ताईंनी सांगितलं नाही. इकडच्या ऐन थंडीत, जूनमध्ये आई गेली. अस्थी घेऊन मी तासगावला गेलो. त्यासाठी तीन आठवडे रजा मिळाली. मागितली तेव्हा मॅनेजर म्हणाला, हवी तेवढी घे, मित्रा, आधीच घ्यायचीस.

वर्षभराने काका-ताई मुलीजवळ मेलबर्नला, पॉइंट कुकला राहायला गेले. निघायच्या आधी ताई निरोप घ्यायला आल्या होत्या. मी त्यांना सामान नेणाऱ्या कंपन्या, तिकडचा वारा, फ्रीवेची गर्दी, यांबद्दल इतकं सांगितलं की मध्ये एका पेराचीही जागा राहिली नाही. त्यांचा अंगठा दोनदा करंगळीकडे गेलेला मी पाहिला. मी बोलत राहिलो.

गेल्या महिन्यात पँट्रीचं वरचं फडताळ आवरताना बायकोला जुन्या कापडात गुंडाळलेला पितळी सोऱ्या सापडला. कुरडया घालायचा. आईने तासगावहून बॅगेत आणलेला. बायको म्हणाली, हा आपण कधी वापरलाच नाही, देऊन टाकू या का? मी तो हातातून घेतला आणि बागेत जाऊन ताईंना फोन लावला.

ताईंनी सगळ्यांची चौकशी केली. मी उत्तरं दिली. मग मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी आई आत काय बोलली ते मी डॉक्टरांना सांगितलं नाही."

आणि थांबलो. एक, दोन, तीन. बोटाला तीनच पेरं असतात, पण ताई बोलेनात. दुसऱ्या बोटावर गेल्या असाव्यात. मग तिसऱ्यावर.

"आई म्हणाली होती की तिला उपचार नको होते," मी म्हणालो. "तिला घरी..."

"तसं नको," ताई म्हणाल्या. "जसं बोलल्या तसं सांग."

म्हणून मी बोललो. चार वर्षं पाठ होतं. "मला ते नको, बाळा. मला तासगावला ने. मार्चात गच्चीवर कुरडया घालीन, तेवढं झालं की बास. मग काय व्हायचं ते तिथं होऊ दे. डॉक्टरला सांग माझं, एवढं सांग."

शेवटचं वाक्य मी यापूर्वी स्वतःशीही म्हटलं नव्हतं.

बराच वेळ फोनमधून फक्त कुठल्यातरी पंख्याची घरघर येत होती. 'जाऊ दे' असं त्या म्हणाल्या नाहीत. 'असं कसं केलंस' असंही नाही. सोऱ्या माझ्या मांडीवर होता आणि माझा अंगठा, मला कळलं तेव्हा, करंगळीवर होता. मी थांबलो होतो.

"कुरडया गव्हाच्याच ना?" ताईंनी विचारलं.

"हो. आई गहू तीन दिवस भिजवायची. पाणी रोज बदलायची."

"मग?"

मग मी सांगत गेलो. आई गहू वाटून चीक कसा काढायची, तो शिजला की पहिली वाटी मला कशी द्यायची, गरम, वर साखर घालून. ताई मध्ये काही बोलल्या नाहीत.