दोन घोट पाणी

माझ्या तोंडाला कुलूप नाही असं माझे सासरे म्हणायचे, आणि काही खोटं नव्हतं त्यात. मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या बाजूला आमचं गाव. एसटीत म्हणा, रेशनच्या रांगेत म्हणा, मला गप्प बसलेली कोणी पाहिली नसेल. आमचे हे मुळात कमी बोलणारे. जेवायला बसलो की मी दिवसभराचं सगळं सांगायची, सरपंचाच्या बायकोची नक्कल करायची, आणि हे तोंडात घास तसाच धरून हसायचे. पुढे त्यांचं ते हसणं मलाच बंद करावं लागलं.

ह्यांना एमएस नावाचा नसांचा आजार झाला त्याला बरीच वर्षं झाली. वायरीवरचं प्लास्टिक सोलवटावं तसं नसांवरचं आवरण जातं, असं कल्याणच्या डॉक्टरांनी समजावलं होतं. गावात कोण ऐकतंय! कोणी म्हणे अंगावरून वारं गेलं, कोणी म्हणे बाहेरचं आहे, उतारा टाका. आधी पाय गेले, मग हात थरथरायला लागले. तेही अंगवळणी पडलं. मग एक दिवस साध्या पेजेने ठसका लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आपल्याकडे ठसका लागला की टाळूवर थापटायचं, कोण आठवण काढतंय म्हणायचं आणि पाणी पुढे करायचं. मीही तेच करत राहिले. पाण्यानेच ठसका वाढतोय हे मला कळायला दोन महिने गेले.

कल्याणलाच गिळायला शिकवणाऱ्या एक मॅडम भेटल्या. गिळायलाही शिकवतात हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "ह्यांना सगळ्यात धोका पाण्याचा. पातळ काहीही घशात थांबत नाही, चुकून श्वासनळीत उतरतं आणि फुप्फुसात जातं. ठसका लागला तर पुढे वाकवा, खोकू द्या. पाणी द्यायचं नाही." हे त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मी म्हटलं, "मॅडम, मी काय पहिलीतली पोर आहे?" त्या हसल्या नाहीत.

मग आमच्या घरातली पेज गेली. नाचणीची आंबील चमच्यावरून ओघळणार नाही इतकी दाट करायची, वरणभात मिक्सरमधून काढायचा, प्यायच्या पाण्यातसुद्धा घट्ट करायची पावडर टाकायची. हनुवटी छातीकडे, घास एवढासा, एका घासाला दोनदा गिळायचं. जेवताना बोलायचं नाही, हसवायचं तर मुळीच नाही. मी समोर बसून मुकाट्याने भरवायची. एका जेवणाला तास लागायचा. मला इतका राग यायचा! कोणाचा, ते नाही सांगता यायचं.

रात्री तर आणखी वेगळं. रात्री ठसका लागायला काही खायला-प्यायला लागत नाही, स्वतःची लाळच पुरते. झोपेत ती घशात साठायची आणि हे डोळे फाडून उठायचे, श्वास आत जाईना आणि बाहेर येईना. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली मी विटा घातल्या, पाठीशी उशा रचल्या, घसरू नयेत म्हणून गुडघ्याखाली गोधडीची वळकटी दिली. आणि एक हात त्यांच्या छातीवर ठेवून झोपायची. छाती हलायची थांबली की मला जाग यायची. झोप म्हणावी अशी मला कितीतरी दिवसांत लागली नाही.

ह्यांची मोठी बहीण खर्डीला दिलेली. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच ह्यांना कडेवर घेऊन वाढवलं. दर भाऊबीजेला ती खर्डीहून शहापूर, शहापूरहून मुरबाड आणि तिथून जीपने आमच्याकडे यायची. डब्यात करंज्या. ओवाळून झालं की भावाच्या तोंडात करंजी घालायची, ह्यात कधी खंड नाही. गेल्या वर्षी मी आधीच दाट बासुंदी आटवून वाटीत काढून ठेवली होती. ताईंना सांगणार होते, की ह्यावेळी ही भरवा, करंजीचं सारण कोरडं, घशात पसरेल.

हे खुर्चीत बसले होते. ताईंनी ओवाळलं. त्यांचे डोळे भरले होते. डब्यातली करंजी काढून त्यांनी तुकडा मोडला आणि ह्यांनी लहान पोरासारखं तोंड उघडलं. मी बघत होते. बासुंदीची वाटी माझ्या हातातच होती. एरवी कात्रीसारखी चालणारी माझी जीभ तेव्हा उचललीच नाही. सणाचा दिवस, आईसारखी बहीण, म्हटलं एक तुकडा, जाऊ दे.

ठसका लागला. मी ह्यांना पुढे वाकवलं, ताई पाठ चोळायला लागल्या. ह्यांनी खोकून खोकून सगळं सारण बाहेर काढलं, माझ्या पदरात पडलं ते. श्वासही परत आला. पण खोकला थांबेना. दारात शेजारची माणसं जमली, सगळ्यांचं एकच, "पानी द्या रे, पानी!" ताई देवापुढे जाऊन उभ्या राहिल्या, डोळे मिटून. आणि मी तांब्या उचलून ह्यांच्या तोंडाला लावला. मी. तीनदा घोकून आलेली. दोन घोट गेले असतील, नसतील. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आवाज एकदम घोगरा झाला, पाण्यातून बोलल्यासारखा.

संध्याकाळी ताप. दुसऱ्या दिवशी मुरबाड, तिथून कल्याण. न्यूमोनिया. डॉक्टरांनी विचारलं, "काय दिलं होतं?" ताई शेजारीच उभ्या होत्या.

मी म्हटलं, "करंजी."

खोटं नव्हतं ते. पण सगळंही नव्हतं. ताई तिथेच जमिनीवर बसल्या. मी त्यांना हाताला धरून उठवलं, पाणी पाजलं, सगळं केलं. बोलले मात्र नाही.

हे वाचले, पण तोंडाने खाणं कायमचं गेलं. पोटाला छिद्र पाडून नळी घातली आहे. दूध, गाळलेली खिमट, औषधं, सगळं सिरिंजने तिथून. लाळेचं रात्रीचं गुदमरणं मात्र आहे तसंच आहे. विटाही आहेत, माझा हातही आहे. मी स्वयंपाकघरात दार लोटून जेवते, पटापट, चोरट्यासारखी.

यंदा दिवाळीच्या चार दिवस आधी ताईंचा फोन आला. मी ह्यांच्या उशाशीच बसले होते, नळी धुऊन झाली होती. ताई म्हणाल्या, "मी नाय येत गो ह्या वर्षी. माझ्या हातानं त्याचा घास गेला. कुठला तोंड घेऊन ओवालू?" त्यांनी वर्षभर करंजी केली नव्हती, नातवंडांनासुद्धा. रडत होत्या.

मी म्हटलं, "ताई, करंजी सगळी बाहेर पडली होती. नंतर पाणी पाजलं ते मी. पाण्याने झालं. मला माहीत होतं, पाणी द्यायचं नसतं."

मग त्या म्हणाल्या, "तुला म्हायत होता?"

"हो."

"आनि वरीसभर मला रडू दिलास?"

त्यांनी फोन ठेवला. शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं.

फोन खाली ठेवला तर हे माझ्याकडेच बघत होते. सगळं ऐकलं होतं. हल्ली त्यांचं बोलणं जड झालंय, एकेक शब्द ओढून काढावा लागतो. म्हणाले, "बरा केलास. ती दर वेळी फोनवर रडायची. मला सांगायचा होता तिला."

मी विचारलं, "मग का नाही सांगितलंत?"

त्यांनी लाळ गिळली, एकदा, दोनदा, शिकवलं होतं तसं.

"तू रागावली असतीस," ते म्हणाले. "रात्री मला तूच लागतेस ना."