गोलकीपरला पोरगी द्यावी का?

आम्ही जुने खेळाडू चारजण भेटलो की तब्येतीची चौकशी दोन मिनिटांत आटोपते आणि त्या एका सीझनचे किस्से सुरू होतात. आमच्या बायकांना ते इतके पाठ झालेत की आम्ही काही चुकवलं तर स्वयंपाकघरातून दुरुस्ती येते! सामने किती जिंकलो, हे मात्र एकालाही आठवत नाही. बहुतेक आठवण्यासारखं नसावं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. जिल्हा म्हटल्यावर कलेक्टर हवा, कचेरी हवी आणि मराठवाड्यात नव्यानं निघालेल्या पगारी फुटबॉल लीगमध्ये स्वतःची टीमही हवी! लीगचं दुसरं वर्ष होतं, दुष्काळाचं तिसरं. मी टीमचा लेफ्ट बॅक.

जर्सी कुणीतरी जुन्या जिल्ह्याच्या उरलेल्या मालातून आणल्या. छातीवर ठळक 'उस्मानाबाद'! त्यावर 'लातूर'च्या पट्ट्या लावायच्या होत्या. शिंप्याला लग्नसराईमुळे वेळ नव्हता, म्हणून त्यानं पट्ट्या खळीनं चिकटवून दिल्या. पहिल्याच सामन्यात घाम आला तशा पट्ट्या गळायला लागल्या. हाफ टाइमला सहाजण लातूरचे, पाचजण उस्मानाबादचे!

रेफरी चक्रावला. "अहो, टीम नेमकी कुठल्या जिल्ह्याची?"

आमचा कॅप्टन शांतपणे म्हणाला, "अर्ध्या लोकांची बदली झाली साहेब, अर्ध्यांची ऑर्डर यायची हाय!"

*

गौतम आमचा गोलकीपर, चाकूरचा. हातपाय लांब, बोलणं कमी. मुखेडच्या एका गुरुजींच्या पोरीशी, सुनंदाशी त्याचं लग्न ठरत होतं, म्हणजे अडत होतं. मुलगी गौतमला फार आवडली होती, तिचीही ना नव्हती. अडत होतं ते त्याच्या नोकरीपाशी. टीममध्ये लग्न झालेला जबाबदार माणूस म्हणून त्यानं बोलणी करायला मला नेलं.

जय भीम झालं, चहा झाला. गुरुजींनी चष्मा पुसला.

"करता काय आपण?"

"गोल अडवतो," गौतम म्हणाला.

"ते झालं. नोकरी काय?"

"हेच की. पगारी हाय."

"मस्टर आहे? रोज सही कुठं करता?"

सही कुठंच नव्हती. गुरुजींच्या हिशेबी जिथं सही नाही ती नोकरी नाही. मी खूप समजावलं. शेवटी ते म्हणाले, "तुमचा शेवटचा सामना मी स्वतः बघतो. काम दिसलं तर पोरगी देतो, नाहीतर विषय संपला."

परतीच्या एसटीत गौतमनं तिकिटाच्या मागं दोनदा सही करून बघितली. मला त्याची फार दया आली.

*

आमचे कोच म्हणजे नांदेडचे उस्ताद. त्यांची पहिली सूचना, "गिरना नक्को मियां, धोने को पानी नईं!" मैदानाजवळच्या हौदात सामन्यानंतर एका माणसाच्या अंघोळीपुरतं पाणी उरायचं. उस्तादांनी डोकं चालवलं आणि जाहीर केलं, "जो गोल मारेगा, बाल्टी उसकी!"

झालं! त्या सामन्यात कुणी कुणाला पासच देईना. ज्याच्या पायात चेंडू येई, तो तिथूनच मारी. मी स्वतः आमच्या हाफमधून चार वेळा मारला, खोटं कशाला बोलू? चार-शून्य हरलो आणि बादली उस्तादांनी घेतली.

पुढच्या सामन्याला नियम बदलला. जो पास देईल, बादली त्याची! समोर गोल उघडा, त्यांचा गोलकीपर घसरून पडलेला आणि आमचे तीन फॉरवर्ड एकमेकांना चेंडू देत उभे.

"तू मार की!"

"न्हाई दादा, आधी तू!"

तोवर त्यांचा गोलकीपर उठला, कपडे झटकले आणि येऊन चेंडू घेऊन गेला.

*

नांदेडच्या सामन्याला एक पुढारी प्रमुख पाहुणे होते. पुढारी यायच्या आत सामना सुरू झाला, हीच मोठी चूक. ते आले तेव्हा आम्ही तीन-शून्यनं मागे! आयोजक धावत मैदानात शिरले. सत्कार झाला, नारळ दिले, भाषण झालं. मग आयोजकांनी रेफरीचा हात धरला, "साहेबांनी काहीच बघितलं न्हाई. पुन्हा पहिल्यापासून होऊ द्या की!"

नांदेडवाले भडकले. आम्ही मात्र पाहुण्यांचा मान राखायला एका पायावर तयार होतो! माइक आयोजकांच्या हातात होता, त्यामुळे सामना शून्यापासून पुन्हा सुरू झाला.

या वेळी पाच-शून्यनं हरलो. साहेब जाताना आमच्या कॅप्टनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं मी वेळेवर आलो."

*

शेवटचा सामना लातुरात, पुन्हा नांदेडशीच. गुरुजी सकाळच्या एसटीनं आले आणि आमच्या गोलमागं खुर्ची टाकून बसले.

दहाव्या मिनिटाला आम्हीच गोल केला! नांदेडवाले वाटेत कुणाच्या तरी पंगतीत जेवून आले होते, त्यांना पळवेना. सीझनभर आमच्या गोलवर चेंडूंचा पाऊस पडला आणि त्या दिवशी एक चेंडू इकडे फिरकेना. गौतम नुसता उभा.

हाफ टाइमला बाजू बदलल्या, तशी गुरुजींनी खुर्चीही आमच्या नव्या गोलमागं आणली आणि मला विचारलं, "हे असे किती वेळ उभे असतात?"

"नव्वद मिनिटं."

"आणि चेंडू?"

"येईल की!"

ऐंशी मिनिटं झाली तरी आला नाही. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, गुरुजी पिशवी उचलत होते. गौतमचा धीर सुटला. तो माझ्याकडे बघून ओरडला, "दादा, एक तरी येऊ दे रं!"

त्यांचा जाडा फॉरवर्ड माझ्याच अंगावर येत होता. मी टीमचा विचार केला, उस्तादांचा केला आणि बाजूला झालो.

त्यानं मारला. गौतम असा काही झेपावला की सगळं मैदान उभं राहिलं. चेंडू बोटांना लागला आणि आत गेला. एक-एक! हातातला सामना गेला आणि उस्तादांनी टोपी जमिनीवर आपटली.

सामना संपल्यावर गुरुजी थेट माझ्याकडे आले. तीस वर्षं वर्गात कॉपी पकडलेला माणूस! "तुम्ही मुद्दाम बाजूला झालात."

तेवढ्यात मागून गौतम आला, गुडघे फुटलेले. "यांची चूक न्हाई गुरुजी. मीच म्हणलो येऊ दे म्हणून. तुम्ही निघाले होते."

गुरुजींनी त्याच्या गुडघ्यांकडे बघितलं. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी त्याच्या गुडघ्याला बांधला आणि माझ्याकडे वळले.

"लग्नाला सगळ्या टीमला घेऊन या. फक्त तुम्ही मांडवाच्या दारात उभं राहू नका. कुणालाही आत सोडता!"