नोरीन थायगेसनचं वेगळं टेबल

हात वर केला लाव्हारने आणि ख्रिसमस गेला नोरीनचा.

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. सकाळची प्रार्थना आटोपल्यावर सिस्टर ओल्डरॉइडने, म्हणजे ग्रंथालयातल्या सगळ्या सेवकांच्या मुकादमिणीने, जमलेल्या चाळीसेक म्हाताऱ्या स्त्रीपुरुषांकडे पाहून विचारलं, "चोवीस तारखेला एक वाजेपर्यंत ग्रंथालय उघडं आहे. युरोपच्या मजल्यावर कोण बसेल?" सगळे बुटांकडे बघायला लागले. प्रत्येकाची नातवंडं कुठेतरी वाट बघत होती. आणि नोरीनच्या शेजारून तो ओळखीचा खणखणीत आवाज उठला, "आम्ही बसू! थायगेसन दोघंही!"

टाळ्या पडल्या. नोरीन हसली. हसताना दात इतके आवळलेले होते की दुपारपर्यंत जबडा दुखत होता.

"मला विचारलंस?" खोलीवर आल्यावर तिने कोटसुद्धा न काढता विचारलं.

"एक वाजता तर सुटणार आहोत. दोन तासांत इफ्रेमला, घरी. काय बिघडलं?"

"मला विचारलंस का, एवढंच विचारतेय मी."

"अगं, आपण सेवेला आलोय ना? मग!"

या 'मग'पुढे तिला कधीच काही बोलता आलं नव्हतं. अठ्ठेचाळीस वर्षांत तो 'मग' लाव्हारने फार जपून वापरला होता आणि दर वेळी तो बरोबर लागला होता.

लाव्हार थायगेसन हा इफ्रेमच्या टर्की कोंबड्यांच्या कारखान्यातला मुकादम, आणि उन्हाळ्यातल्या जत्रांत गुरांचे लिलाव पुकारणारा. माणूस वाईट नव्हे. पण एकदा आवाज लागला की समोरचा प्रत्येक जण त्याला गिऱ्हाईकच दिसायचा. नोरीनने बावीस वर्षं शाळेच्या मुदपाकखान्यात रोज तीनशे मुलांचं जेवण रांधलं, पाच पोरं वाढवली. निवृत्त झाल्यावर मॉर्मन पंथातली नवराबायको जातात तशी दोघं दीड वर्षाच्या चर्चसेवेला निघाली. अर्ज करताना लाव्हारच्या डोळ्यांपुढे डेन्मार्क होतं, आजोबा-पणजोबांचं. पत्र आलं सॉल्ट लेक सिटीचं, घरापासून दोन तासांवरचं. गावाने निरोपाची मेजवानी आधीच देऊन टाकली होती. आता नाही म्हणायची सोय नव्हती.

एप्रिलपासून दोघं वंशावळींच्या ग्रंथालयात तळघरातल्या युरोपच्या मजल्यावर एका टेबलाशी बसत होती. लोक आपल्या मेलेल्या माणसांची नावं घेऊन यायचे, आणि ती नावं जुन्या चर्चवह्यांत शोधून द्यायची, हे काम. डेनिश पाद्र्यांनी दोनशे वर्षांपूर्वी बोरूने खरडलेली ती अक्षरं पाहून लाव्हारने दुसऱ्याच दिवशी हात टेकले. "कोंबडीचे पाय शाईत बुडवून नाचवलेत नुसते," म्हणाला. नोरीन मात्र वही घेऊन बसली. एकेक अक्षर शंभर शंभर वेळा गिरवलं. भाजी चिरता चिरता, इस्त्री करता करता ती शब्द जुळवायची. ऑगस्टपर्यंत तिला वाचता यायला लागलं आणि ऑक्टोबरात तर वर्षानुवर्षं तिथे काम केलेली माणसं तिच्याकडे पानं घेऊन यायला लागली. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात एखादी गोष्ट नवऱ्याहून, भावांहून, सगळ्या गावाहून आपल्याला चांगली येते, हे तिला पहिल्यांदाच कळलं होतं.

पण टेबलाशी आलेला माणूस बघायचा लाव्हारकडे. सेवेतल्या पुरुषांना एल्डर म्हणायची रीत. "एल्डर, जरा मदत कराल का?" एल्डर खुर्ची ओढून द्यायचा, गाव विचारायचा, विनोद करायचा. पान नोरीनपुढे सरकायचं. ती तासभर डोळे फोडायची. सापडलं की लाव्हार मोठ्याने म्हणायचा, "सापडलं बघा आम्हाला!" आणि माणूस उठून लाव्हारचा हात हातात घ्यायचा. आयत्या बिळावर नागोबा! नोरीन मनात म्हणायची आणि पेन्सिलीला टोक काढायची.

ब्रॉन्सन हॅलिडे आला तो डिसेंबरच्या मध्यावर. ऐंशीचा, नेव्हाडात आयुष्यभर लोकांचे दात काढलेला डॉक्टर, बायको वारलेली, मूल नाही. हॉटेलात एकटा उतरला होता. त्याला आपल्या आजीचं जन्मगाव हवं होतं. आजीने ते कधीही सांगितलं नव्हतं. विचारलं की उठून जायची. कोपनहेगनला मोलकरीण असताना तिची चर्चमध्ये दीक्षा झाली, त्या नोंदीत गावाचं नाव होतं, आणि ते सगळ्यांनी 'होरुप' असं वाचलं होतं. होरुपच्या वह्यांत आजी नव्हती. हॅलिडे बारा वर्षं होरुप शोधत होता.

नोरीनने आठ दिवस ते पान पाहिलं. ती नोंद लिहिणाऱ्याची दुसरी पानं काढली, त्याचा प्रत्येक 'ह' आणि प्रत्येक 'क' कागदावर उतरवून शेजारीशेजारी मांडला. तेवीस तारखेला दुपारी तिच्या लक्षात आलं की सगळे ज्याला 'ह' म्हणताहेत तो 'क' आहे, आणि त्यापुढचा 'ओ' म्हणजे 'आ'. गाव होरुप नव्हे, कारुप. तिने कारुपची वही उघडली, आणि चाळिसाव्या मिनिटाला मुलगी सापडली. अ‍ॅने मार्ग्रेथे. आई गोठ्यावर दूध काढणारी. बापाच्या नावाची जागा कोरी. समासात तिथल्या पाद्र्याने लिहिलं होतं की बारशाला आईखेरीज कोणी आलं नाही, म्हणून घंटा वाजवणाऱ्याच्या बायकोने मूल हातावर घेतलं.

नोरीन बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसली. मग तिने ती हळूहळू वाचून दाखवली. हॅलिडेने चष्मा काढला, डोळे पुसले, उठला, आणि टेबलाला वळसा घालून लाव्हारचे दोन्ही हात धरले. "एल्डर, तुमचे उपकार मी विसरणार नाही."

"अहो, आमचं कामच ते," लाव्हार म्हणाला.

चोवीसला एक वाजला. कुलूप लागलं. सामान गाडीत भरलेलं होतं. नोरीनने पावाच्या गोळ्यांचं पीठ रात्री मळून थंड ठेवलं होतं आणि बटाट्याचं भांडं टॉवेलात गुंडाळलं होतं. संध्याकाळी घाटात बर्फ पडेल असं रेडिओ सकाळपासून ओरडत होता. आणि दारात हॅलिडे उभा.

"मी यांना म्हटलं, आपल्याबरोबर जेवा," लाव्हार म्हणाला. "आणि मग देवळाच्या चौकातले ख्रिसमसचे दिवे दाखवून आणू. तासाभराचं काम."

"दिवे अंधार पडल्यावर लागतात, लाव्हार."

"पाच वाजताच अंधार पडतो आता."

"मग यांनाच घेऊन चल ना आपल्याबरोबर. घरी जागा आहे. मी डोनाल्डच्या लहानपणच्या खोलीत अंथरूण घालते."

"अगं, त्यांना दिवे बघायचेत!"

हॅलिडे संकोचून म्हणाला, "माझ्यामुळे तुमचं काही..."

"छे छे!" लाव्हारने त्याच्या पाठीवर थाप मारली. "ख्रिसमसला माणसाला एकटं सोडतात होय?"

नोरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यात जास्त राग याचा आला की तो बरोबर बोलत होता. एकट्या म्हाताऱ्याला सोडू नये हे तिलाही कळत होतं. पण दया करायच्या कामीसुद्धा हा पुढे, आणि त्याची किंमत हिच्या पदरातून! गाडीच्या किल्ल्या लाव्हारच्या खिशात होत्या. तिने गाडीच्या मागच्या दारातून बटाट्याचं भांडं काढलं, पिठाचा डबा पिशवीत घातला.

"कुठे निघालीस?"

"इफ्रेमला."

"कशी?"

"स्टेशनवरून."

"वेडी आहेस का? थांब, जेवून..."

ती थांबली नाही. फाटकाशी सिस्टर ओल्डरॉइड हातमोजे चढवत उभी होती. जोडप्याने एकमेकांना सोडून जायचं नसतं, हा सेवेतला दंडक. "एकटी चाललीस, सिस्टर थायगेसन?"

"एकटी. कुठे लिहायचं असेल तर लिहून ठेवा."

प्रोव्होपर्यंत लोकल होती. तिथे मुलगी जनील गाडी घेऊन आली. पहिला प्रश्न, "बाबा कुठेत?"

"सॉल्ट लेकला. दिवे बघताहेत."

"भांडलात का?"

"भांडायला दोघांना एकमेकांचं ऐकू यावं लागतं."

जनील हसली. "आई, बाबा तसेच आहेत ग. तुला इतक्या वर्षांत ठाऊक नाही?"

"मला ठाऊक आहे. तुम्हा सगळ्यांनाही ठाऊक आहे. त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे."

जनीलने विषय बदलला. घाट उतरेपर्यंत बर्फ सुरू झालं.

घरात पाऊल टाकलं तर पाच पोरं, त्यांची माणसं, सतरा नातवंडं. सगळ्यांनी तिला मिठ्या मारल्या आणि तिच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. "आजोबा?" "आजोबा कुठेत?" "मग येशूच्या जन्माची गोष्ट कोण वाचणार?" दर वर्षी ती लाव्हार वाचायचा, लिलावाच्या आवाजात, मेंढपाळ आले की मेंढ्यांसारखा बें बें करत. सहा वाजता त्याचा फोन आला. घाट बंद झालाय, सकाळी निघतो. थोरल्या डोनाल्डला एकदम कल्पना सुचली. "बाबा, फोनवरच वाचा ना!"

फोनचा कर्णा बिघडलेला होता, हातात वर धरला तरच नीट ऐकू यायचा. तो धरायला सांगितला नोरीनला. पुस्तक तिच्या मांडीवर होतं, चष्मा डोळ्यांवर होता, आणि ती हात उंच करून वीस मिनिटं आपल्या नवऱ्याचा आवाज धरून बसली. नातवंडं पोट धरून हसत होती. शेवटी शेवटी मागून हॅलिडेसुद्धा हसताना ऐकू आला.

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि पावाचे गोळे वळायला बसली. सून आत आली. "आई, मी करू?"

"नको."

"चिडलात का?"

"मी एकशे नव्वद किलोमीटर लोकल आणि मोटारीत बटाटे मांडीवर घेऊन आले," नोरीन म्हणाली, "आणि घरात शिरल्यापासून मला कोणी विचारलं नाही की तू कशी आहेस."

सुनेने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "कशा आहात?"

"आता विचारू नकोस."

सकाळी अकराला लाव्हार आला. अंगणातून आवाज आधी, माणूस मागून. डेनिश आप्पे तव्यातून निघत होते, वरून जाम पडत होता. त्याने पहिला तोंडात टाकला आणि खुर्चीत बसून सुरू केलं. "परवा काय झालं, ऐका! एक म्हातारा, बारा वर्षं आजी शोधतोय. आम्ही ते पान बघतो, बघतो, आणि मला काय दिसतं..."

"मला दिसलं," नोरीन चुलीपाशून म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"हो हो, हिला दिसलं," लाव्हार म्हणाला. "तर तो 'ह' नव्हताच..."

"मी सांगते."

हातातली उलथनी तशीच धरून ती पुढे आली आणि सांगायला लागली. ते पान लिहिणाऱ्याचा बोरू कसा चालायचा, 'ह'चा पोटाकडचा फाटा कुठे वळतो, 'क'चा कुठे. गोठ्यावरची ती बाई. कोरी जागा. घंटा वाजवणाऱ्याची बायको. तिचा आवाज बारीक होता, सवय नव्हती, पण जनील आप्पा हातात धरून ऐकत राहिली आणि डोनाल्डने बायकोला हाताने गप्प केलं. दीडएक मिनिट झालं असेल. तेवढ्यात धाकट्या नातवाने दुधाचा जग पाडला. सगळे उठले, फडकी आली, कोणी ओरडलं, कोणी हसलं. पुसून होईपर्यंत लाव्हार गुरांच्या जत्रेवर पोचला होता. तव्यातले आप्पे करपले होते.

परत जाताना गाव मागे पडलं. मग लाव्हार म्हणाला, "तुला असं वाटतं हे मला माहीतच नव्हतं."

"अठ्ठेचाळीस वर्षं, लाव्हार."

"सांगायचंस."

"तू बोलत होतास."

तो रुसला. वाटेतलं नेफाय गाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत गाडी हाकत राहिला, रस्ता सरळ होता म्हणून बरं. मग म्हणाला, "बरं, आता काय करायचं म्हणतेस?"

"मला माझं वेगळं टेबल पाहिजे."

जानेवारीत तिने तसं सांगितलं. सिस्टर ओल्डरॉइड म्हणाली की जोडपी एकत्रच बसतात, अशी रीत आहे. लेखी अर्ज द्यावा लागेल. अर्ज दिला. तीन आठवडे उत्तर नाही. विचारलं की, "वर पाठवलाय." फेब्रुवारीच्या मध्यावर टेबल मिळालं, लिफ्टशेजारचं, दार उघडलं की पायांवर गार वारा येणारं. पहिल्याच दिवशी एक बाई आली, इकडेतिकडे बघत म्हणाली, "इथे कोणी एल्डर नाहीत का?"

"आहेत, त्या टोकाला," नोरीन म्हणाली. "पण ते तुम्हाला इकडेच पाठवतील. बसा."

हॅलिडेचं कार्ड आलं. वर लिहिलं होतं, 'एल्डर थायगेसन आणि सौभाग्यवती'. नोरीनने त्याला चार ओळींचं उत्तर धाडलं. ते अक्षर मी वाचलं, डॉक्टर, माझं नाव नोरीन. महिन्याने त्याचं पत्र आलं, थेट तिच्या नावावर. मनापासून माफी मागितली होती. खाली ताजा कलम होता. आजीच्या आईचा काही पत्ता लागतो का, जरा तुमच्या यजमानांना विचाराल?

तिने ते पत्र लाव्हारपुढे धरलं. तो आधी हसला, मग तिचा चेहरा पाहून थांबला. "मी लिहू का त्याला?" म्हणाला.

"नको. तू लिहिलंस तर तो पुन्हा तुझेच आभार मानेल."

गोठ्यावरच्या त्या बाईचा पत्ता तिने मे महिन्यात काढला. विसाव्या वर्षी क्षयाने गेली होती. तसं कळवलं. उत्तर आलं नाही. जूनमध्ये समजलं की हॅलिडे एप्रिलअखेरच वारला होता.

ऑक्टोबरात दोघं घरी परतली. परतलेल्यांनी रविवारच्या सभेत अनुभव सांगायचा असतो. दोघांना मिळून चोवीस मिनिटं ठरवून दिली होती. लाव्हार आधी उठला. मेंढ्या झाल्या, लिलाव झाला, तळघरातल्या लिफ्टचा विनोद झाला, लोक हसले. वीस मिनिटांनी तो बसला. नोरीनच्या वाट्याला चार उरली.

तिने ती चारही घेतली आणि वर अकरा. बिशपने दोनदा घसा खाकरला, एकदा घड्याळाकडे पाहिलं, समोरच्या बाकावर भट्टीत मांस ठेवून आलेल्या बायका चुळबुळ करायला लागल्या. नोरीनने कागदावरून डोळे वर काढले, म्हणाली, "अजून एक पान आहे," आणि ते वाचलं.