सबवूफर आणि सावंतकाकूंचे देव

मित्रहो, मुलुंडच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये माणसाला धड बेससुद्धा मिळू नये, हा घोर अन्याय आहे. म्हणून गेल्या आठवड्यात होम थिएटरचा सबवूफर, म्हणजे तो धमधमणारा स्पीकर, शेजारच्या सावंतकाकूंच्या भिंतीला चिकटवला. काय घुमला!

आज सकाळी त्यांच्याकडे गेलो, तर एरवी त्याच भिंतीशी असणारा देव्हारा स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी.

"काकू, देव इथे?"

"अरे, तुझा पिक्चर लागला की बाळकृष्ण पाटावरून सरकतो. म्हटलं, आपणच देव हलवावेत. तू एवढ्या हौसेने आणलायस."

शिव्या घातल्या असत्या, तर भांडता तरी आलं असतं. तुमच्या भिंतीपलीकडे काय आहे, कधी बघितलंत?

घरी येऊन सबवूफर सोफ्याजवळ सरकवला. मग आंघोळ केली आणि काकूंकडे जाऊन त्यांचा देव्हारा उचलून पुन्हा भिंतीशी ठेवला.